फुरशावरचा उतारा

हैदराबादच्या बेगम बाजारात गेलेल्या माणसाला साप आठवावा असे तेथे काही नाही. हळद, मिरची, डाळी, सुका मेवा, भांडीकुंडी यांच्या घाऊक पेढ्या, हमालांची गर्दी आणि वाहनांचा कोलाहल, हेच त्या पेठेचे रूप. निजाम अलीखान, म्हणजे दुसरा आसफजाह, याची बेगम हमदा हिने ही जागा व्यापाऱ्यांना व्यापारासाठी दिली आणि तिच्यावरून पेठेस हे नाव मिळाले, अशी परंपरा आहे. तरीही माळरानावरील गवतात राहणाऱ्या एका लहानशा विषारी सापाचा इतिहास सांगावयाचा झाल्यास त्याचा आरंभ या पेठेच्या काळापाशी होतो, आणि पुढे शंभर वर्षांनी त्याचा धागा पुन्हा याच पेठेच्या शेजारी येऊन पोहोचतो. तो साप म्हणजे फुरसे.

निजाम अलीखानाने १७६२ पासून १८०३ पर्यंत राज्य केले. १७६६ च्या तहाने त्याने पूर्व किनाऱ्यावरील उत्तर सरकार हा प्रांत इंग्रजांच्या कंपनीस देऊन टाकला. विशाखापट्टण हे बंदर त्याच प्रांतातले. तेथे १७८० नंतरच्या काळात पॅट्रिक रसेल नावाचा एक स्कॉटिश वैद्य आपल्या अधिकारी भावाबरोबर येऊन राहिला. त्याआधी त्याने सीरियातील अलेप्पो शहरात बरीच वर्षे वैद्यकी केली होती आणि तेथील प्लेगच्या साथी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. १७८५ मध्ये कंपनीने त्याला आपला निसर्गशास्त्रज्ञ नेमले. सर्पदंशाने माणसे मरतात, पण कोणत्या सापाने मरतात हे कोणासच नीट सांगता येत नाही, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली. विषारी व बिनविषारी साप सामान्य माणसास ओळखता यावेत या हेतूने त्याने गावोगावहून साप मागविले, त्यांची चित्रे काढवून घेतली, लोकांच्या तोंडची नावे टिपून ठेवली. कोरोमांडल किनाऱ्यावरील सापांविषयीचा त्याचा मोठा ग्रंथ १७९६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्या वेळी हैदराबादेत निजाम अलीखानच गादीवर होता.

या ग्रंथात तेलुगू लोक ज्यास कटुक रेकुल पोडा म्हणत त्या सापाचे चित्र आहे. ती आपली घोणस. पुढच्याच वर्षी तिला रसेलचे नाव मिळाले आणि ते आजतागायत चालू आहे. त्याच ग्रंथात, अगदी आरंभी, दुसऱ्या क्रमांकाच्या चित्रफलकावर, मद्रासजवळच्या अर्णी येथून आलेला एक लहान साप आहे. त्याचे नाव रसेलने होरट्टा पाम असे लिहिले आहे. पाम म्हणजे साप. हेच फुरसे. १८०१ मध्ये श्नायडर या जर्मन पंडिताने त्याला शास्त्रीय नाव दिले. त्या नावातील कॅरिनाटा या शब्दाचा अर्थ ज्याच्या खवल्यांवर कणा उमटला आहे असा, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मात्र नाग आणि घोणस यांना जी प्रसिद्धी मिळाली ती या हातभर प्राण्याच्या वाट्यास आली नाही, आणि या दुर्लक्षाची किंमत पुढे पुष्कळांना मोजावी लागली.

फुरसे आपल्याकडे सहसा फूट-दीड फुटाहून लांब नसते. रंग मातकट, तपकिरी. पाठीवर फिकट ठिपक्यांची रांग आणि दोन्ही बाजूंस नागमोडी रेघ. डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी किंवा बाणाच्या टोकासारखी खूण. कोकणातील जांभ्या दगडाचे सडे, देशावरची आणि मराठवाड्याची उजाड माळराने, तेलंगणातील खडकाळ कुरणे, ही त्याची राहण्याची ठिकाणे. दिवसा ते दगडाखाली किंवा गवताच्या बुडख्याशी दडून असते आणि रात्री भक्ष्याला निघते. पावसाळी हवेत ते कधी कधी झुडपावरही चढून बसते. अंडी न घालता ते जिवंत पिले प्रसवते. त्याच्या अंगाच्या बाजूंवरचे खवले तिरपे आणि करवतीच्या दात्यांसारखे असतात. डिवचले गेले की ते इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वेटोळी घालते आणि ती एकमेकांवर घासून तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज काढते. त्या आवाजावरूनच त्याचे मराठी नाव पडले असावे. नाग पुष्कळदा फणा काढून धमकावतो आणि संधी मिळताच निघून जातो. फुरसे पळत नाही. जागच्या जागी राहून विजेच्या वेगाने डसते. सड्यावर अनवाणी विळा चालविणाऱ्या बाईच्या हाताला किंवा गुरे वळणाऱ्या पोराच्या घोट्याला ते चावते ते असेच.

नागाच्या विषाने मज्जासंस्था बधिर होते आणि काही तासांतच श्वास बंद पडू शकतो. फुरशाच्या विषाचे काम निराळ्या तऱ्हेचे. ते रक्तातील गोठण्याची शक्ती चेतवते, आणि ती इतकी चेतवते की रक्त गोठविणारी द्रव्ये शरीरात सर्वत्र खर्ची पडून संपून जातात. मग रक्त गोठतच नाही. दंशाची जागा सुजते, हिरड्यांतून रक्त झिरपू लागते, लघवी लाल होते, जुनी जखम पुन्हा वाहू लागते. मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव झाला तर मृत्यू येतो. पण तो पुष्कळदा दुसऱ्या, चौथ्या, क्वचित आठव्या-दहाव्या दिवशीही येतो. शिवाय प्रत्येक दंशात मारण्याइतके विष जातेच असे नाही. पुष्कळ माणसे काहीही न करता, निदान फुरशावर गुणकारी असे काहीही न करता, बरी होतात.

या सर्पाच्या साऱ्या इतिहासाचे मर्म या सावकाशपणात आहे. माणूस झटकन मरत नाही, म्हणून जो कोणी काही उपाय करील त्याला यश आल्यासारखे वाटते. दंश झालेल्याला मारुतीच्या देवळात नेऊन बसवावे, मांत्रिकाकडून विष उतरवून घ्यावे, कडुलिंबाचा पाला चावावयास देऊन तो कडू लागतो की नाही ते पाहावे, जखमेस जहरमोहरा किंवा कोंबडीची पिले लावावीत, अशा नाना रीती महाराष्ट्रात चालत आल्या. माणूस वाचला तर उताऱ्याचा गुण, आणि आठव्या दिवशी गेला तर त्याचा सापाशी संबंध जोडावयास कोणी उरत नसे. या भोळेपणाला केवळ खेडुतांचे अज्ञान म्हणून हसण्याचे कारण नाही. पदव्या घेतलेले मोठमोठे पंडितही याच फसवणुकीला बळी पडले.

रसेलच्या काळी दक्षिणेत तंजावरच्या गोळीचा मोठा बोलबाला होता. तंजावरात तेव्हा भोसल्यांचे मराठी राज्य होते. सोमल आणि पारा घातलेली ही गोळी सर्पदंशावर रामबाण मानली जाई आणि कंपनीचे अधिकारीही ती आदराने जवळ बाळगीत. रसेलने कोंबड्यांना व कुत्र्यांना साप चाववून उपाय पारखून पाहिले. ज्यांना औषध दिले आणि ज्यांना दिले नाही अशा जनावरांची तुलना करावी, ही दृष्टी त्या काळी सर्पदंशाच्या बाबतीत नवीनच होती. खात्रीचा उतारा मात्र त्याच्या हाती लागला नाही.

इंग्रजी अमलात सरकारने औषधाचा नाद काही काळ सोडून सापाच्याच मुळावर घाव घालण्याचे ठरविले. याचे सर्वांत विलक्षण उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातले आहे. त्या जिल्ह्याचे सडे फुरशांसाठी कुप्रसिद्ध. मारलेले फुरसे आणून देणाऱ्यास सरकारातून बक्षीस मिळू लागले. १८६२ मध्ये बक्षिसाची रक्कम दोन आण्यांपर्यंत वाढविण्यात आली, तेव्हा डिसेंबर महिन्यातील आठ दिवसांत १,१५,९२१ साप मारून आणल्याची नोंद झाली. दोन आणे ही त्या काळी कष्टकऱ्याच्या दृष्टीने लहान रक्कम नव्हती. तेव्हा अवघा जिल्हा काठ्या व विळे घेऊन सड्यांवर लोटला असेल यात नवल नाही. तिजोरीला हा खर्च झेपण्याजोगा नव्हता हेही उघड आहे. त्या जिल्ह्यात अधिकारी म्हणून काम केलेल्या व्हिडाल याने पुढे मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात जो हिशेब दिला, त्यावरून सहा वर्षांच्या काळात दरसाल सरासरी २,२५,७२१ फुरशी मारली गेली असे दिसते.

हे आकडे वाचून थक्क व्हावे की खिन्न व्हावे हे कळत नाही. वर्षाला सव्वादोन लाख या प्रमाणात सहा वर्षे एखाद्या प्राण्याची कत्तल करावी आणि तरीही तो प्राणी संपू नये, ही गोष्ट त्या सड्यांविषयी पुष्कळ काही सांगते. फुरसे तेथे उपरे नव्हते. उंदरांची पिले, सरडे, बेडूक, विंचू, किडे असे खाद्य आणि जांभ्याच्या कपारींतील आसरा त्याला जोवर मिळत होता तोवर त्याची संख्या पुन्हा भरून निघत होती. रत्नागिरीतील फुरसे आजही आहे. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सर्पदंशाने मरणाऱ्यांचा सरकारी आकडाही पुढील अनेक वर्षे दरसाल वीस हजारांच्या आसपासच राहिला. बक्षिसांनी त्याला फारसा उतार पडला नाही. आणि हा आकडा पोलीस पाटलापर्यंत वर्दी पोहोचलेल्यांचाच होय.

आता पुन्हा हैदराबादेकडे वळावयास हवे. बेगम बाजाराला लागूनच अफजलगंज आहे. तेथे मुसी नदीच्या काठी १८६६ पासून सरकारी दवाखाना होता. १८८० नंतरच्या दशकात रेसिडेन्सीचा डॉक्टर एडवर्ड लॉरी हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचा प्रमुख होता, आणि क्लोरोफॉर्मने हृदय बंद पडते की आधी श्वास बंद पडतो या वादाने त्याला पछाडले होते. त्यासाठी सहावा निजाम मेहबूब अलीखान याने पैसा पुरविला आणि लंडनच्या लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाचा प्रतिनिधी पाठवावा म्हणून एक हजार पौंड दिले. हा प्रतिनिधी १८८९ मध्ये हैदराबादेत दाखल झाला. त्याचे नाव टॉमस लॉडर ब्रंटन. क्लोरोफॉर्मच्या त्या प्रयोगांची कथा स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे. ‘हृदयाला धोका नाही’ हा त्यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही, एवढे सांगून ती येथे सोडून देऊ. येथे महत्त्व आहे ते ब्रंटनचे. कारण सर्पविषाच्या अभ्यासात त्याचे नाव आधीच गाजलेले होते. कलकत्त्यास ज्याने हिंदुस्थानातील विषारी सापांवर १८७२ चा सुप्रसिद्ध सचित्र ग्रंथ लिहिला त्या जोसेफ फेररच्या जोडीने ब्रंटनने नागाच्या व इतर सापांच्या विषाचे शरीरावरील परिणाम तपासले होते.

याच ब्रंटनने १९०४ मध्ये, फेरर आणि लेनर्ड रॉजर्स यांच्यासह, सर्पदंशावर एक अगदी सोपा उपाय लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. लहानसे धारदार पाते, आणि त्याच्या पोकळ लाकडी मुठीत पोटॅशियम परमँगनेटचे, म्हणजे विहिरीत टाकतात त्या जांभळ्या औषधाचे, खडे. दंशाची जागा चिरावी आणि खडे आत चोळावेत. खिशात मावणारे, स्वस्त, कोणासही वापरता येण्याजोगे हे साधन हिंदुस्थानात पुष्कळ ठिकाणी पोहोचले. परीक्षानळीत परमँगनेट विषाचा नाश करते ही गोष्ट खरी. पण दातांनी खोल सोडलेले विष क्षणार्धात मांसात पसरते आणि वरून चोळलेले खडे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. उलट फुरशाच्या दंशात रक्त गोठण्याची शक्ती नाहीशी होत असताना त्या जागी चीर देणे म्हणजे रक्तस्रावाला वाट करून देणे होय. तरीही परमँगनेटने माणसे बरी झाल्याच्या हकिकती पुष्कळ वर्षे येत राहिल्या. मांत्रिकाच्या यशाचे जे कारण तेच याही यशाचे होते. ज्यांनी सर्पविषाचा जन्मभर अभ्यास केला त्यांच्या उपायालाही सापाच्या सावकाशपणानेच कीर्ती मिळवून दिली.

खरा उतारा दुसऱ्या वाटेने आला. फ्रेंच शास्त्रज्ञ काल्मेत याने १८९४-९५ च्या सुमारास असे दाखविले की घोड्याला नागाचे विष थोडथोड्या वाढत्या प्रमाणात टोचत गेल्यास त्याच्या रक्तात विषाला मारणारे द्रव्य तयार होते, आणि ते द्रव्य माणसाला देता येते. मोठाच शोध होता तो. परंतु एकच लस सर्व सापांवर चालेल, अशी काल्मेतची समजूत होती. तिला हादरा बसला तो अनेक ठिकाणी आणि जवळजवळ एकाच वेळी. ब्राझीलमध्ये व्हिताल ब्राझील याने, ऑस्ट्रेलियात मार्टिनने आणि मुंबईस परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉर्ज लॅम्बने तिच्याविरुद्ध पुरावा पुढे आणला. नागाच्या लशीने घोणशीच्या विषाला आळा बसत नाही, हे लॅम्बच्या प्रयोगांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच स्पष्ट झाले. ज्याचे विष त्याचाच उतारा. रसेलने सापांची ओळख पटवून देण्यासाठी जो खटाटोप केला त्याचे मोल शंभर वर्षांनी असे सिद्ध झाले.

तरीही फुरशाची पाळी लागलीच आली नाही. १९०५ मध्ये सुरू झालेल्या कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत पुढे सर्पदंशावरची लस तयार होऊ लागली, पण ती पुष्कळ वर्षे नाग आणि घोणस या दोघांवरचीच होती. फुरसे व मण्यार तीतून वगळलेले होते. म्हणजे रत्नागिरीच्या सड्यावरचा माणूस सगळा प्रवास सोसून इस्पितळात पोहोचला, तेथे लस असली आणि ती त्याला मिळालीही, तरी ती त्याच्या सापावरची नव्हती. ही उणीव भरून निघाली ती परळच्या त्याच प्रयोगशाळेत. १९२५ मध्ये तिचे नाव हाफकिन संस्था असे झाले होते. तेथे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांवर मिळून एकच लस तयार होऊ लागली. साप पाळणे, त्यांचे विष काढून वाळविणे, घोड्यांना ते टोचणे, त्यांच्या रक्तातून लस वेगळी करणे ही कामे तेथे वर्षानुवर्षे चालली. याच संस्थेतील डॉ. पु. ज. देवरस यांनी सापांवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केले, आणि सापाविषयीची शास्त्रीय माहिती सामान्य वाचकाच्या घरात पोहोचली.

लस असणे आणि ती वेळेवर मिळणे यांत अंतर असते. हैदराबाद राज्यात मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत होते. त्या राज्याचा सर्वांत मोठा दवाखाना बेगम बाजाराच्या शेजारी होता. १९०८ च्या सप्टेंबरात मुसीला आलेल्या महापुराने तो उद्ध्वस्त केला, आणि त्याच परिसरात पुढे उस्मानिया इस्पितळाची भव्य इमारत उभी राहिली. पण परभणीच्या किंवा नांदेडच्या माळावर दंश झालेल्या शेतमजुराच्या दृष्टीने ते शहर दुसऱ्याच जगात होते. फुरशाच्या बाबतीत हे अंतर विशेष टोचते, कारण या सापाच्या दंशात वेळ असतो. मण्यारीने चावलेला माणूस वाटेतच दगावू शकतो. फुरशाने चावलेल्यास बैलगाडीनेही पोहोचविता आले असते. ते दिवस मांत्रिकाच्या अंगणात जात.

अलीकडच्या पाहणीवरून २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लक्ष माणसे दगावली, म्हणजे दरसाल सरासरी ५८,००० , असा अंदाज निघाला आहे. त्यांत घोणशीचा वाटा मोठा आहे. फुरशाचा जोर कोरड्या प्रदेशांत व कोकणाच्या सड्यांवर. ब्रिटिश आमदानीतील वीस हजारांचा आकडा किती अपुरा होता याची कल्पना यावरून येते. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला उपेक्षित रोगांच्या यादीत मानाचे, खरे म्हणजे लाजिरवाणे, स्थान दिले ते २०१७ मध्ये. भारत सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले.

लॅम्बने घालून दिलेला धडाही अजून पुरता गिरवून झालेला नाही. देशातील लशीसाठी लागणारे विष बहुतांशी तामिळनाडूतील इरुळा जमातीच्या सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येते. ही संस्था १९७८ मध्ये निघाली. आपल्या वाडवडिलांची विद्या तिने प्राण वाचविण्याच्या कामी लावली हे तिचे मोठेच उपकार आहेत. पण फुरसे सगळीकडे एकसारखे नसते. राजस्थानातील फुरसे दक्षिणेतल्याहून आकाराने मोठे व निराळ्या उपजातीचे आहे, आणि दक्षिणेतील विषापासून केलेली लस त्याच्यावर तितकी चालत नाही, असा तेथील डॉक्टरांना अनुभव आला. ज्याचे विष त्याचा उतारा, या नियमात आता ज्या मुलखाचे विष त्या मुलखाचा उतारा अशी भर घालावी लागेल.

दरम्यान त्या विषाने माणसाची चाकरीही पत्करली आहे. त्यातील रक्त गोठविणारे एक द्रव्य प्रयोगशाळांत रक्ताच्या तपासणीसाठी वापरले जाते. दुसऱ्या एका द्रव्याच्या घडणीवरून बेतलेले टिरोफिबान हे औषध हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी वाढू नये म्हणून देतात.

दंश फुरशासारख्या सापाचा आहे की नाही, विष अंगात भिनले की नाही, हे ठरविण्याची खेड्यातील दवाखान्यातली रीत मात्र अगदी साधी आहे. रोग्याचे थोडेसे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यावयाचे आणि वीस मिनिटे नळी न हलविता ठेवून द्यावयाची. वीस मिनिटांनी ती एकदाच तिरपी करावयाची. रक्त गोठून बसले असेल तर निदान तूर्त धोका नाही. पाण्यासारखे वाहिले तर लस द्यावयाची, आणि सहा तासांनी पुन्हा नळी भरावयाची. प्लॅस्टिकची नळी चालत नाही, आणि साबणाने धुतलेली काचेची नळीही चालत नाही, कारण तीत निरोगी माणसाचे रक्तदेखील नीट गोठत नाही.